मेंदू 'लाइव्ह' बघून भावना आवरता येतात का? न्यूरोफीडबॅकबद्दल सध्या काय माहीत आहे

एमआरआय मशीनच्या बोगद्यात एक माणूस आडवा पडलाय. कानात इअरप्लग, डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना फोम. डोळ्यांसमोरच्या छोट्या स्क्रीनवर एक लाल पट्टी वर-खाली होतेय. त्याला सांगितलंय की आयुष्यातली एखादी आनंदाची आठवण मनात आणा आणि ही पट्टी वर न्यायचा प्रयत्न करा. ती पट्टी म्हणजे त्याच्याच मेंदूतल्या बदामाएवढ्या एका भागात काय चाललंय त्याचा आकडा आहे, काही सेकंद उशिरा पोचलेला.

या पद्धतीला रिअल-टाइम एफएमआरआय न्यूरोफीडबॅक म्हणतात. नाव जड आहे, पण प्रश्न साधा आहे. स्वतःचा मेंदू स्क्रीनवर बघून माणूस स्वतःच्या भावना आवरायला शिकू शकतो का? आणि शिकला, तर नैराश्य किंवा आघातानंतरचा त्रास त्यानं कमी होतो का?

हे समजून घ्यायचं कारण म्हणजे तुमच्या फीडमध्ये कधी ना कधी 'औषधांशिवाय मेंदू ट्रेन करा' असं सांगणारं रील आलं असेल. त्यातल्या डोक्यावरच्या हेडबँडचा आणि वरच्या मशीनचा फारसा संबंध नसतो. पण विश्वास कमावताना फोटो मात्र हमखास एमआरआयचे, रंगीत मेंदूचे वापरले जातात.

आधी मूळ कल्पना

गाणं शिकणारी मुलगी तानपुरा लावून बसते. सूर जरा घसरला की तिला लगेच ऐकू येतं आणि ती सावरते. कान नसता, तर कितीही रियाज केला तरी सूर कुठे चुकतोय हे कळलं नसतं. आपल्या मेंदूच्या बाबतीत आपली अवस्था अशीच, कान नसलेल्या गायकासारखी असते. राग आला की छाती धडधडते ते कळतं, पण मेंदूतला कुठला भाग कधी पेटला हे कुणालाच जाणवत नाही. न्यूरोफीडबॅक हा कान पुरवतो. मेंदूतली हालचाल मोजायची, तिचं चित्र किंवा आवाज करून त्याच माणसाला दाखवायचा आणि म्हणायचं, आता बदलून बघा.

याची सुरुवात माणसांपासून कमी आणि मांजरांपासून जास्त झाली. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात बॅरी स्टर्मन यांनी मांजरांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावले. मेंदूत ठराविक वेगाची लहर उमटली की मांजराला खाऊ मिळायचा. मांजरं ती लहर मुद्दाम वाढवायला शिकली. पुढे याच प्रयोगशाळेत रॉकेटच्या इंधनातल्या एका विषारी रसायनाची चाचणी मांजरांवर झाली, तेव्हा आधी शिकवलेल्या मांजरांना झटके उशिरा आले. कुणी ठरवून केलेला हा प्रयोग नव्हता. पण त्यातून ईईजी न्यूरोफीडबॅक, म्हणजे डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूच्या विद्युत लहरींवर करायचं प्रशिक्षण, माणसांच्या अपस्मारासाठी वापरून बघायला सुरुवात झाली.

ईईजीची अडचण अशी की तो कवटीच्या बाहेरून ऐकतो. शेजारच्या घरातलं भांडण भिंतीला कान लावून ऐकावं तसं. आवाज येतो, पण कोण कुठल्या खोलीत आहे ते नीट कळत नाही. भावनांशी जोडलेले काही महत्त्वाचे भाग तर मेंदूत खोल दडलेले आहेत. तिथपर्यंत बघायला एमआरआय लागतो.

मशीनला नेमकं काय दिसतं?

एफएमआरआय विचार वाचत नाही. भावनाही वाचत नाही. तो रक्त बघतो.

मेंदूचा एखादा भाग जास्त काम करू लागला की तिकडे ऑक्सिजन असलेलं रक्त जास्त धावतं. ऑक्सिजन असलेल्या आणि नसलेल्या रक्ताचे चुंबकीय गुण वेगळे असतात. हा फरक एमआरआयनं टिपता येतो हे जपानी शास्त्रज्ञ सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये काम करताना दाखवलं. १९९५ मध्ये रॉबर्ट कॉक्स आणि सहकाऱ्यांनी हे सगळं गणित माणूस मशीनमध्ये असतानाच करून दाखवलं. रिअल-टाइम हा शब्द तिथून आला.

पण रक्त धावायला वेळ लागतो. मेंदूपेशी कामाला लागल्यानंतर सिग्नल शिखरावर पोचेपर्यंत साधारण ५ सेकंद जातात. म्हणजे स्क्रीनवरची पट्टी आत्ता वर गेली, तर ती तुमच्या पाच सेकंदांपूर्वीच्या मनाला दाद देतेय. मुंबईतून व्हिडिओ कॉलवर कुणाशी बोलताना नेट अडकतं तेव्हा जशी गडबड होते, तशी इथे कायमच असते. शिवाय जो बदल मोजायचाय तो मूळ सिग्नलच्या एक टक्क्याच्या आसपास, बऱ्याचदा त्याहून कमी असतो.

इतक्या बारीक सिग्नलमध्ये फसायला किती सोपं आहे याचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे मेलेला सामन मासा. अमेरिकन संशोधक क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी तो स्कॅनरमध्ये ठेवला, त्याला माणसांचे भावनिक प्रसंगांतले फोटो 'दाखवले' आणि आकडेमोडीत आवश्यक ती दुरुस्ती न करता निकाल काढला. मेलेल्या माशाच्या मेंदूत हालचाल दिसली! या कामाला २०१२ मध्ये इग नोबेल मिळालं. पुढच्या वेळी कुणी रंगीत मेंदूचा फोटो दाखवून 'हे बघा, सिद्ध झालं' म्हणालं की हा मासा आठवा.

तुल्साचा प्रयोग

आता नैराश्याकडे येऊ, कारण या क्षेत्रातली सगळ्यात मोठी आशा तिथेच निर्माण झाली.

मेंदूत दोन्ही बाजूंना अमिग्डला नावाचा एकेक भाग असतो. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ बदाम. सोशल मीडियावर त्याची ओळख 'भीतीचं केंद्र' अशी आहे आणि ती अर्धवट आहे. आपल्यासाठी महत्त्वाचं असं काहीही समोर आलं की अमिग्डला जागा होतो, मग ती भीतीदायक गोष्ट असो की सुखाची. नैराश्य असलेल्या अनेक लोकांमध्ये असं दिसतं की वाईट गोष्टींना अमिग्डला जोरात प्रतिसाद देतो आणि चांगल्या गोष्टींना थंड राहतो.

अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या तुल्सा शहरात लॉरिएट इन्स्टिट्यूट फॉर ब्रेन रिसर्च आहे. तिथल्या किम्बर्ली यंग आणि सहकाऱ्यांनी यावरून एक उलटा वाटेल असा विचार केला. अमिग्डला शांत करण्याऐवजी आनंदी आठवणींच्या वेळी तो जास्त जागा करायचा.

पद्धत अशी. रुग्णानं आनंदाच्या आठवणी आधीच निवडून ठेवायच्या. स्कॅनरमध्ये ४० सेकंद नुसतं पडून राहायचं, ४० सेकंद आठवण जागवत लाल पट्टी निळ्या पट्टीपर्यंत, म्हणजे ठरवलेल्या लक्ष्यापर्यंत न्यायची आणि ४० सेकंद उलटे आकडे मोजायचे. मग पुन्हा तेच. शेवटच्या फेरीत पट्टी काढून घेतात. ही फेरी महत्त्वाची असते. स्क्रीन नसताना जमलं तरच काही शिकलात, कारण घरी कुणाकडे एमआरआय नसतो.

२०१७ मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्री'त त्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. औषधं सुरू नसलेले ३६ रुग्ण. त्यातल्या १९ जणांना पट्टी अमिग्डलाची दाखवली. उरलेल्या १७ जणांनीही तेच केलं, त्याच आनंदी आठवणी काढल्या, फक्त त्यांची पट्टी भावनांशी संबंध नसलेल्या दुसऱ्याच भागाला जोडलेली होती. हे त्यांना माहीत नव्हतं. फक्त दोन सत्रं झाली. अमिग्डला गटातल्या १२ जणांचा नैराश्याचा स्कोअर निम्म्याहून अधिक उतरला, त्यातले ६ जण नैराश्याच्या निकषातूनच बाहेर आले. दुसऱ्या गटात हेच आकडे २ आणि १ होते.

मला यातली सगळ्यात रंजक गोष्ट स्कोअरपेक्षा आठवणींची वाटते. नैराश्यात माणसाची स्मरणशक्ती एका खास पद्धतीनं धूसर होते. 'आनंद' हा शब्द देऊन त्यावरून एक आठवण सांगा म्हटलं, तर उत्तर येतं, 'कॉलेजात असताना बरं वाटायचं.' एखादा ठराविक दिवस, ठराविक क्षण समोर येत नाही. 'दहावीच्या निकालादिवशी आजीनं दारातच पेढा भरवला होता' असं काही निघत नाही. अमिग्डला गटातल्या लोकांना प्रशिक्षणानंतर अशा नेमक्या आनंदी आठवणी जास्त सांगता येऊ लागल्या. म्हणजे पट्टी हलवताना त्यांनी कदाचित काहीतरी खरं कौशल्य उचललं, आठवणीत नुसतं डोकावून परत न फिरता तिच्यात शिरण्याचं.

मग कार्डिफमधून दुसरा निकाल आला

ब्रिटनमधल्या कार्डिफ विद्यापीठात डेव्हिड लिंडेन यांच्या गटानं ४३ रुग्णांना घेऊन वेगळ्या रचनेचा प्रयोग केला. तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. इथे सत्रं ५ होती. एका गटाला भावनांशी जोडलेल्या भागांचं प्रशिक्षण. दुसऱ्या गटालाही खरंच फीडबॅक होता, पण निसर्गदृश्यं, जागा वगैरे ओळखणाऱ्या दृष्टीच्या भागाचा. त्यांनी मनात शांत जागांची कल्पना करून ते भाग वाढवायचे होते.

नैराश्याचा स्कोअर सरासरी ४३ टक्क्यांनी उतरला. छानच. पण दोन्ही गटांत जवळपास सारखाच उतरला.

इथे थांबून विचार करण्यासारखं आहे. तुल्सामध्ये तुलनेसाठी घेतलेल्या गटाची पट्टी त्यांच्या आठवणींना दाद देण्याची शक्यताच कमी होती. कल्पना करा, नैराश्यात असलेला माणूस जीव तोडून प्रयत्न करतोय आणि पट्टी हलत नाहीये. त्याला बरं वाटेल का? कार्डिफमध्ये मात्र दोन्ही गटांना यश मिळू शकत होतं. कदाचित बरं वाटायला अमिग्डलाची गरजच नसेल. 'माझ्या डोक्यात काय चाललंय त्यावर माझा थोडा ताबा आहे' हा अनुभव पुरेसा असेल. ज्या माणसाला महिनोन्‌महिने कशावरच ताबा वाटत नव्हता, त्याच्यासाठी ही छोटी गोष्ट नाही.

दुसरा अर्थ जास्त कडू आहे. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातले रॉबर्ट थिबो आणि अमीर राझ यांनी न्यूरोफीडबॅकवर अनेक वर्षं टीका केली आहे. त्यांचं म्हणणं, यात प्लासिबोचा, म्हणजे उपचार मिळतोय या विश्वासानं बरं वाटण्याचा वाटा खूप मोठा आहे. कोट्यवधींचं मशीन, आजूबाजूला शास्त्रज्ञ, तासन्‌तास तुमच्याकडे लक्ष देणारी टीम आणि तुमच्याच मेंदूचं थेट प्रक्षेपण. साखरेच्या गोळीला एवढा थाट कधी मिळतो?

त्यांच्या गटानं एफएमआरआय न्यूरोफीडबॅकचे ९९ प्रयोग तपासून २०१८ मध्ये आढावा लिहिला. त्यातला एक मुद्दा साधा आणि त्रासदायक आहे. श्वास. श्वास रोखला किंवा संथ केला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड बदलतो, त्यानं मेंदूतला रक्तप्रवाह बदलतो आणि एफएमआरआयचा सिग्नल हलतो. मग पट्टी वर गेली ती आठवणीनं की नकळत बदललेल्या श्वासानं? बऱ्याच प्रयोगांत हे नीट तपासलेलंच नव्हतं.

आघातानंतरच्या तणावाच्या विकारात, म्हणजे पीटीएसडीत, गोंधळ आणखी वाढतो. कॅनडातल्या एका गटानं २०१७ मध्ये १० रुग्णांना अमिग्डला खाली आणायला शिकवलं. तुल्साच्या गटानं युद्धातून परतलेल्या सैनिकांना आनंदी आठवणी काढत तोच भाग वर न्यायला शिकवलं आणि त्यांचा त्रास कमी झाल्याचं २०१८ मध्ये मांडलं. एकच आजार, एकच भाग, दिशा उलट्या, आणि आशादायक म्हणून दोन्ही मांडले गेले. दोन्ही कदाचित आपापल्या जागी बरोबर असतील, कारण एकात आघाताशी जोडलेले शब्द समोर होते आणि दुसऱ्यात सुखाच्या आठवणी. पण 'अमिग्डला शांत करा, चिंता संपवा' इतकं सरळ हे गणित नाही एवढं नक्की.

खोटा फीडबॅक दिला तर?

औषधाच्या चाचणीत काही लोकांना खोटी गोळी देतात. न्यूरोफीडबॅकमध्ये त्याची जागा खोटा फीडबॅक घेतो. पट्टी हलते, पण ती दुसऱ्याच कुणाच्या मेंदूच्या रेकॉर्डिंगवर. अशी तुलना ठेवलेल्या मोठ्या चाचण्यांचे निकाल बहुतेक वेळा थंड पाणी ओततात.

लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता असलेल्या ८८ मुलग्यांवर एफएमआरआय न्यूरोफीडबॅकची चाचणी झाली. २०२२ मध्ये निकाल आला की खरा फीडबॅक खोट्यापेक्षा सरस ठरला नाही. ईईजीतही तीच गत. जर्मनीत ११८ प्रौढांवर झालेल्या एडीएचडीच्या चाचणीत (२०१७) खरा फीडबॅक, खोटा फीडबॅक आणि गटात घेतलेली मानसोपचाराची सत्रं अशी तुलना होती. लक्षणं सगळ्यांचीच कमी झाली, फरक काही दिसला नाही. ऑस्ट्रियात निद्रानाशाच्या रुग्णांमध्येही खऱ्या-खोट्यात फरक आढळला नाही.

'सगळ्यांचीच लक्षणं कमी झाली' हे वाक्य विकणाऱ्याच्या तोंडी 'आमच्या क्लायंटना फरक पडतो' असं होतं. दोन्ही खरंच आहे. फक्त फरक कशानं पडला हे दुसऱ्या वाक्यात येत नाही.

या टीकेनंतर क्षेत्रातल्याच अनेक संशोधकांनी एकत्र येऊन २०२० मध्ये एक तपासणी यादी तयार केली. प्रयोग आधी नोंदवला का, तुलना कशाशी, श्वास आणि हालचाल तपासली का, हे सगळं यापुढे स्पष्ट लिहायचं. आपल्याच शेतात तण उपटायला बसणारे लोक मला नेहमीच जास्त विश्वासाचे वाटतात.

नकळत भीती कमी करणं

जपानमध्ये मित्सुओ कावातो यांच्याशी संबंधित संशोधकांनी आणखी वेगळी वाट धरली. त्यात माणसाला काय आठवायचं हेच सांगत नाहीत. समोर एक गोल असतो. 'डोक्यात काहीतरी करा आणि हा मोठा करा, जितका मोठा तितके जास्त पैसे' एवढीच सूचना. संगणक मात्र मेंदूतला एक विशिष्ट नमुना शोधत असतो.

२०१६ च्या एका प्रयोगात लोकांना आधी लाल आणि हिरव्या रेघांच्या आकृतींसोबत हलका विजेचा झटका देऊन त्यांची भीती बसवली. नंतर तीन दिवस, त्यातल्या एका रंगाचा नमुना मेंदूत उमटला की गोल मोठा व्हायचा आणि बक्षीस मिळायचं. त्या रंगाची भीती कमी झाली. आपण नेमकं काय केलं हे लोकांना कळलंही नव्हतं. ज्यांना आघाताची आठवण पुन्हा काढणंच असह्य होतं, त्यांच्यासाठी हे किती मोलाचं ठरू शकेल ते उघड आहे. आणि माणसाला न कळता त्याच्या मनातलं काही बदलता येतं, ही गोष्ट अस्वस्थ करणारीही आहे. सध्या हे प्रयोगशाळेतच आहे.

मग बाजारात काय मिळतं?

नैराश्यासाठी एफएमआरआय न्यूरोफीडबॅक अजून संशोधनाच्या टप्प्यात आहे. मशीनचा खर्च, तंत्रज्ञ आणि प्रत्येक सत्राला लागणारा वेळ बघता ते गल्लीतल्या क्लिनिकमध्ये येणंही अवघड आहे. म्हणून इस्रायलमधल्या ताल्मा हेंडलर यांच्या गटानं मधला मार्ग काढला. लोकांचा ईईजी आणि एफएमआरआय एकाच वेळी घेतला आणि अमिग्डला हलला की ईईजीत कसा ठसा उमटतो ते संगणकाला शिकवलं. मग पुढचं प्रशिक्षण नुसत्या ईईजीवर. २०१९ मध्ये त्यांनी लष्करी प्रशिक्षणातल्या जवानांवर हे वापरल्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. याच कामातून निघालेल्या 'प्रिझम' या उपकरणाला अमेरिकेच्या एफडीएनं २०२३ मध्ये पीटीएसडीच्या नेहमीच्या उपचारांना जोड म्हणून परवानगी दिली. दोन गोष्टी नीट वाचा. एक म्हणजे 'जोड म्हणून'. दुसरं, ज्या मुख्य अभ्यासावर ही परवानगी टेकलेली आहे, त्यात खोट्या फीडबॅकचा गट नव्हता.

आपल्याकडे बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये मेंदूला इजा झालेल्या रुग्णांसाठी ईईजी न्यूरोफीडबॅकवर संशोधन झालं आहे. खासगी सेंटर्समध्ये 'ब्रेन ट्रेनिंग' नावानं जे मिळतं, तेही बहुतेक ईईजीच असतं. तिथे पाऊल टाकण्याआधी विचारा, नेमकं काय मोजता, ईईजी की आणखी काही? माझ्या त्रासासाठी खोट्या फीडबॅकशी तुलना केलेली चाचणी दाखवू शकता का? किती सत्रांनंतर फरक नसेल तर थांबायचं? समोर बसलेली व्यक्ती मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, की फक्त मशीन चालवायचा कोर्स केलेली? वीस-चाळीस सत्रांचं पॅकेज आगाऊ भरायला सांगत असतील, तर शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं आधी घ्या.

आणि सगळ्यात धोक्याची जागा म्हणजे 'औषधं सोडून द्या' हा सल्ला. तुल्साच्या प्रयोगात औषधं सुरू नसलेले रुग्ण निवडले होते, कुणाची चालू औषधं बंद करून उपचार म्हणून हे दिलं नव्हतं. नैराश्याची गोळी अचानक थांबवली की चक्कर, झोप उडणं, बेचैनी असे त्रास होऊ शकतात आणि आजार उलटू शकतो. गोळी कमी करायची असेल तर ती देणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच, हळूहळू.

सेंटर परवडत नसेल, जवळपास डॉक्टर नसेल किंवा आत्ता कुणाशी तरी बोलायचं असेल, तर केंद्र सरकारची टेली-मानस हेल्पलाइन २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६. कॉल मोफत आहे, २४ तास लागतो आणि मराठीत बोलता येतं.